कोल्हापुरातून अभिनयाच्या व्यवसायात यायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अभिनय हौस म्हणून नाही, पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून करायचं ठरवलेली मुलंमुली आणि त्यांचे आईवडील हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज, कागल, राधानगरी अशा ठिकाणी राहून तयारी करणाऱ्यांना समोर ठेवून उत्तरं दिली आहेत.

मुंबईला जावंच लागतं का?

कधी ना कधी जावं लागतं, पण बारावी झाली की बॅग उचलून नाही. तयारी नसताना मुंबई गाठली की पहिलं वर्ष खोलीभाडं भरण्यात जातं आणि हाताशी दाखवायला काहीच नसतं. ती तयारी कोल्हापुरात स्वस्तात होते. खायला-राहायला घर असतं, तालमीला माणसं मिळतात आणि चुका करायला वेळ मिळतो.

बाबूराव पेंटरांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी इथेच काढली. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीही इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. हळूहळू धंदा मुंबई-पुण्याकडे सरकला, पण चित्रीकरण कोल्हापुरात अजूनही होतं. मोरेवाडीची चित्रनगरी आहे, पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे, वाडे, ऊस, पंचगंगेचा घाट सगळं हाताच्या अंतरावर आहे. युनिट इथं आलं की मोठ्या भूमिका मुंबई-पुण्यातून ठरूनच आलेल्या असतात. पण पोस्टमन, नर्स, सरपंचाचा माणूस, दुकानदारीण अशा एक ते चार दिवसांच्या भूमिकांसाठी मुंबईहून नट आणायचा म्हणजे प्रवास आणि मुक्कामाचा खर्च आला. म्हणून त्या इथल्या कलाकारांना मिळतात. तुमची पहिली संधी बहुधा तीच असते. अशा पाच-सहा भूमिकांचं फुटेज हातात असेल तर मुंबईतली पहिली भेट वेगळी होते.

पहिली दोन वर्षं ये-जा करून भागतं. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली की सकाळी मुंबई. एका फेरीत किमान दोन ऑडिशन आणि एक नाटक बघणं बसवा, नाहीतर फेरी महाग पडते.

सुरुवात नेमकी कुठून करू?

रंगमंचावरून. महाविद्यालयात असाल तर शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात उतरा. एकांकिका, लघुनाटिका, मूकनाट्य, नकला, पथनाट्य यांपैकी निदान दोन प्रकारांत. शिक्षण संपलं असेल तर राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या हौशी संस्थेत जा. पहिल्याच वर्षी भूमिका मिळेल असं धरून जाऊ नका. प्रॉम्प्टिंग, म्हणजे नट वाक्य विसरला की आडून सांगण्याचं काम, मागून घ्या. दोन महिने रोज संहिता हातात धरून बसलं की कुठला नट कुठल्या वाक्यावर अडतो आणि का अडतो हे दिसायला लागतं. हे ज्ञान कुठल्याही दोन दिवसांच्या कार्यशाळेत मिळत नाही.

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं, त्याची हळहळ प्रत्येक रंगकर्मीला आहे. पण नाट्यगृह नाही म्हणून तालीम थांबवू नका. शाळेचा हॉल, मंगल कार्यालयाची गच्ची, देवळाचा मंडप, काहीही चालतं. जमिनीवर खडूने रंगमंचाचं माप आखून घ्या, म्हणजे प्रयोगाच्या दिवशी हालचाली फिसकटत नाहीत.

प्रशिक्षण कुठे घ्यावं? क्लासला लाखभर रुपये मागतात.

आधी सरकारी आणि विद्यापीठाच्या संस्था बघा. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात कलिनाला अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्सचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये) पडद्यावरचा अभिनय शिकवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं. तिथे पदवी लागते आणि काही नाटकांत काम केल्याचा दाखलाही लागतो. म्हणून आजपासून प्रत्येक प्रयोगाची पत्रिका, प्रमाणपत्र आणि फोटो एका फाईलमध्ये तारखेनिशी लावत जा. अर्जाच्या आठवड्यात धावपळ करून हे कागद जमत नाहीत.

खासगी क्लास वाईटच असतात असं नाही. पैसे भरण्याआधी हे विचारा: एका तुकडीत किती जण? आठवड्यात प्रत्येकाला प्रत्यक्ष उभं राहून काम करायला किती मिनिटं मिळतात? शिकवायला रोज कोण येतं, की फक्त उद्घाटनाला कलाकार येतात? शेवटी प्रयोग होतो का? तीस जणांच्या तुकडीत दोन तासांचा वर्ग म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं. हे गणित घालूनच फी ठरवा. ‘कोर्स संपला की मालिकेत काम नक्की’ असं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. भूमिका देणं कुठल्याही क्लासच्या हातात नसतं.

माझी बोली कोल्हापुरी आहे. ती अडचण ठरेल का?

बोली हे भांडवल आहे, ते मोडू नका. अडचण तेव्हा येते, जेव्हा दुसरी भाषा येतच नाही. डॉक्टर, वकील, पुण्यातली सून अशा भूमिकांना प्रमाण मराठी लागते, आणि संहितेत ‘मी आले’ असताना सवयीने ‘मी आलो’ निघालं की मुलींचा टेक वाया जातो. आपल्याकडे मुलीही सर्रास ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात, त्यामुळे ही चूक त्यांची त्यांना ऐकू येत नाही.

दुसरी जागा म्हणजे ‘ण’. ‘आणि, पाणी, लोणी, दाणा, कोणी’ हे शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ‘ण’ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं, ‘न’ म्हणताना दातांमागे. रोज वीस मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचा, त्यातली दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि आठवड्याने आधीच्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. तीन महिन्यांत फरक पडतो.

उलट बाजूनेही काळजी घ्या. कोल्हापुरी भूमिका मिळाली की मुद्दाम आवाज चढवून, वाक्यागणिक ‘लेका’ घालून बोलू नका. आपल्या गल्लीतली म्हातारी माणसं किती हळू आणि लयीत बोलतात ते ऐका.

फोटो किती आणि कसे?

पाच पुरेत. चेहऱ्याचा जवळून, कमरेपर्यंतचा, पूर्ण उंचीचा, एका बाजूने, आणि एक हसरा. फिल्टर नको, गॉगल नको, लग्नातला मेकअप नको. सकाळी आठ-नऊच्या सुमारास सावलीत, साध्या भिंतीसमोर मित्राने चांगल्या मोबाइलवर काढले तरी चालतात. फोटोत गोरे आणि समोर सावळे दिसलात की निवड करणाऱ्याचा विश्वास उडतो. सावळ्या रंगाचा कमीपणा मानून घेऊ नका, फोटोत आहात तसेच दिसा. दाढी काढली, केस कापले, वजन पाच किलोने बदललं, की फोटो नवे.

चाळीस हजारांचा पोर्टफोलिओ नवोदिताला लागत नाही.

सेल्फ टेप मागवतात. ती कशी करायची?

हल्ली पहिली चाळणी घरून पाठवलेल्या व्हिडिओवरच होते आणि बरेच जण अभिनयाआधी तांत्रिक चुकांनीच बाद होतात, म्हणून हे सविस्तर सांगतो.

मोबाइल आडवा धरा, उभा मागितला असेल तरच उभा. सेल्फी कॅमेरा नको, मागचा वापरा. स्टँड नसेल तर टेबलावर डबे रचून मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर आणा. खालून घेतलं की नाकपुड्या आणि हनुवटीच दिसते. खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो. मागे साधी भिंत ठेवा. देव्हारा, कॅलेंडर, वाळत घातलेले कपडे नजर खेचतात. पंखा बंद, फ्रिजचा आवाज येत असेल तर तोही तेवढ्यापुरता बंद. कपडे एकरंगी. बारीक पट्ट्यांचा शर्ट कॅमेऱ्यात झिरमिळतो.

समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला एक माणूस लागतो. तो कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी खेटून उभा राहिला पाहिजे, म्हणजे तुमचे दोन्ही डोळे दिसतात. तो दूर भिंतीपाशी बसला की तुमचा अर्धाच चेहरा येतो. त्याने हळू आणि सरळ वाचायचं, कारण मोबाइल त्याच्या जवळ असतो आणि त्याचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा येतो. भावाला हसू आवरत नसेल तर दुसरा माणूस शोधा.

सुरुवातीला ओळख: नाव, वय, उंची, सध्या कुठे राहता, कुठल्या भाषा येतात, कुठलं काम केलंय, सांगितलेल्या तारखा मोकळ्या आहेत का. मग डावी बाजू, उजवी बाजू, हातांच्या दोन्ही बाजू. तीस-चाळीस सेकंदांत हे संपलं पाहिजे. ‘लहानपणापासून माझं स्वप्न होतं’ हे सांगू नका, ‘एक संधी द्या’ तर मुळीच नको.

प्रवेशाची वाक्यं पाठ करण्याआधी कागद तीनदा शांतपणे वाचा आणि एका प्रश्नाचं उत्तर काढा: हे पात्र या क्षणाच्या आधी कुठून आलं? समजा वाक्य आहे, ‘आई, मी नोकरी सोडली.’ मुलगा एस.टी.ने तीन तास उभ्याने आला असेल तर ते वाक्य वेगळं निघेल, आणि दारात दहा मिनिटं चप्पल काढत रेंगाळला असेल तर वेगळं. वाक्याआधीचे दोन सेकंद त्याच अवस्थेत राहा, मग बोला. संपल्यावर लगेच कॅमेरा बंद करायला धावू नका, दोन सेकंद थांबा. फार तर पाच-सहा टेक करा. त्यानंतरचे टेक पाठांतर होतात.

पाठवताना साधा एचडी दर्जा पुरे, त्याहून जड असा फोर-के (4K) नको. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. ती लिंक कुणालाही उघडेल अशी खुली आहे का, हे दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. परवानगी मागणारी लिंक आली की समोरचा पुढच्या नावाकडे जातो, त्याच्याकडे दोनशे नावं असतात. फाईलचं नाव ‘व्हिडिओ १’ असं न ठेवता तुमचं नाव, वय, भूमिका असं ठेवा.

नाटकात बक्षिसं मिळाली, पण कॅमेऱ्यासमोर ‘फार करतोस’ म्हणतात. काय चुकतंय?

रंगमंचावर तुमचा आवाज आणि हावभाव शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचे असतात. चित्रीकरणात माइक तुमच्या कॉलरखाली असतो आणि क्लोजअपमध्ये पापणी हलली तरी पडदाभर दिसते. म्हणून अभिनय कमी करायचा नसतो, तो पोचवण्याचं अंतर कमी करायचं असतं. समोरच्या माणसाला ऐकू जाईल इतकंच बोला. मोबाइल एकदा पंधरा फुटांवर आणि एकदा तीन फुटांवर ठेवून तोच उतारा करा आणि दोन्ही बघा. भुवया आणि डोकं सतत हलत असेल तर पाठ भिंतीला टेकवून उतारा म्हणा. डोकं भिंतीवरून सुटलं की लगेच कळतं.

चित्रनगरीत गर्दीतलं काम मिळतंय, करू का?

चार-पाच दिवस जरूर करा. कॅमेरा कुठे असतो, ‘रोल’पासून ‘कट’पर्यंत काय होतं, सहाय्यक दिग्दर्शक कशावर चिडतात हे बघून या. त्यापुढे त्याच मालिकेच्या गर्दीत राहू नका. तुमचा चेहरा एकदा मागे दिसला की त्याच मालिकेत बोलती भूमिका द्यायला अडचण होते.

‘निवड झाली आहे, नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला. खरा असेल का?

नाही. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, आर्टिस्ट कार्ड, पोशाखाचं डिपॉझिट, विमा, विमानाचं परत मिळणारं भाडं, फोटोशूट, कुठल्याही नावाने मागितले तरी उत्तर एकच.

रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते. आधी दीड हजार, मग ‘करारासाठी’ सहा हजार, मग ‘जीएसटीचे’ आठ हजार. पहिली रक्कम गेल्यावर ती वसूल व्हावी म्हणून माणूस दुसरी भरतो, सापळा तिथेच असतो. प्रसिद्ध निर्मिती संस्थेचं किंवा वाहिनीचं नाव आणि बोधचिन्ह वापरलेलं असतं, त्यामुळे तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. फोन करणाऱ्याला कास्टिंग डायरेक्टरचं (कलाकार निवडणाऱ्याचं) नाव, मालिकेचं नाव आणि ऑडिशनचा पत्ता लेखी मागा. मग त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून संपर्क काढून स्वतः विचारा, फोन करणाऱ्याने दिलेल्या नंबरवर नाही.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट, फोन नंबर जपून ठेवा, चॅट पुसू नका.

समन्वयकाचं कमिशन ही वेगळी गोष्ट आहे. तो काम मिळवून देतो आणि मानधन आल्यावर त्यातला ठरलेला हिस्सा घेतो. टक्केवारी कामाआधी मेसेजवर लिहून घ्या.

मुलगी ऑडिशनला एकटी जाणार आहे. आम्ही काय बघावं?

ऑडिशन कार्यालयात किंवा स्टुडिओत, दिवसा, इतर उमेदवार हजर असताना होते. हॉटेलची खोली, कुणाचा फ्लॅट किंवा रात्री नऊनंतरची ‘मीटिंग’ असेल तर जाऊ नये, भूमिका कितीही मोठी सांगितली तरी. सोबत कुणी आलं तर चालेल का, असं आधीच विचारा. आत बसू दिलं नाही तर ते समजण्यासारखं आहे. पण इमारतीतच येऊ नका म्हणणाऱ्यापासून लांब राहा. कपडे कमी करून व्हिडिओ पाठवा, ‘भूमिका धीट आहे’ असं सांगून कुणी मागितलं तर तो संवाद तिथेच थांबवायचा आणि जपून ठेवायचा. तसे व्हिडिओ पुढे धमकीसाठी वापरले जातात.

कामाच्या ठिकाणी छळ झाला तर २०१३ च्या कायद्याचं संरक्षण चित्रीकरणाच्या सेटवरही आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. हे मुलांनाही सांगतो: नको त्या मागण्या त्यांच्याकडेही होतात आणि ते घरी बोलत नाहीत. या कायद्याखाली तक्रार बाईलाच करता येते, पण पोलिसांत जायला मुलांनाही अडचण नाही.

सेटवरच्या पहिल्या दिवशी काय सांभाळायचं?

कॉल टाइमच्या, म्हणजे सेटवर बोलावलेल्या वेळेच्या, अर्धा तास आधी पोचा. वाक्यं पाठ असू द्या, पण ती आयत्या वेळी बदलतील हे धरून चाला.

सगळ्यात जास्त गडबड कंटिन्युइटीत, म्हणजे एका शॉटमधली हालचाल दुसऱ्यात तशीच ठेवण्यात, होते. चहाचा प्रवेश आहे असं समजा. मास्टर शॉटमध्ये (अख्खा प्रवेश एकत्र दिसतो त्या शॉटमध्ये) तुम्ही ‘दादा’ या शब्दावर उजव्या हाताने कप उचलला आणि ‘नको’नंतर खाली ठेवला. तासाभराने तुमचा क्लोजअप घेतील, तेव्हा तोच हात, तोच शब्द, तेवढीच उंची हवी. क्लोजअपमध्ये कप आधीच ओठाला लागला असेल तर संकलकाला दोन तुकडे जोडता येत नाहीत आणि तो तुमच्या चेहऱ्याऐवजी समोरच्याचा चेहरा लावतो. म्हणजे चांगला केलेला अभिनय दिसतच नाही. यावर उपाय म्हणजे मास्टरमध्ये हालचाली कमी ठेवा आणि कट झाल्यावर लगेच ‘दादा, उजवा, वर’ असं संहितेवर पेन्सिलीने टिपून ठेवा.

जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते, तिथेच थांबायचं. खाली बघून नाही, आधी पावलं मोजून. आणि पोशाखातले फोटो स्टेटसला टाकू नका. कथानक फुटलं की काम जातं.

करारात काय वाचायचं?

दिवसाचं मानधन, महिन्याला किमान किती दिवस, शिफ्ट किती तासांची (साधारण बारा धरतात) आणि जास्त वेळ झाला तर काय, पैसे किती दिवसांनी, प्रवास-मुक्काम-पोशाख कुणाचा, डबिंगचे दिवस मानधनात धरलेत का, भूमिका सोडायची झाली तर किती दिवस आधी सांगायचं, आणि त्या काळात दुसरं काम करता येईल का. हे शेवटचं कलम लोक वाचत नाहीत. महिन्याला सहा दिवस देऊन पूर्ण वर्ष बांधून ठेवणारा करार परवडत नाही.

जाहिरातीत आणखी एक बघा: चित्र किती काळ, कुठल्या माध्यमांत, कुठल्या राज्यांत वापरणार. ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ असं लिहिलं असेल तर तसे पैसे मागा. चेहरा आणि आवाज संगणकावर पुन्हा तयार करून वापरण्याची परवानगी हल्ली बारीक अक्षरात घुसवलेली असते, ती खोडायला सांगा. करार इंग्रजीत असेल आणि कळत नसेल तर एक दिवस मागून घ्या. ओळखीच्या वकिलाकडून वाचून घेतला तर कुणी काम काढून घेत नाही.

पैसे कधी येतात? नोकरी सोडू का?

मालिकांत साधारण नव्वद दिवसांची उधारी चालते. जूनच्या दहा तारखेला काम केलं, महिनाअखेरीस बिल गेलं, तिथून नव्वद दिवस धरले, की सप्टेंबरच्या शेवटी पैसे. तोवर चार महिन्यांचं खोलीभाडं गेलेलं असतं. म्हणून मुंबईला राहायला जाण्याआधी डिपॉझिट सोडून किमान आठ महिन्यांचा खर्च बँकेत हवा. तेवढा नसेल तर नोकरी सोडू नका. सुट्ट्या साठवा, पाळी बदलून घेता येईल अशी नोकरी बघा, शिकवण्या घ्या. कर्ज काढून किंवा रान विकून या व्यवसायात येऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतो. पोटात भीती असली की ऑडिशनमध्ये ती डोळ्यांत दिसते.

प्रत्येक कामाची तारीख, रक्कम, बिल क्रमांक, कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) वहीत लिहा. टीडीएस साधारण १० टक्के कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. न भरल्याने अनेक नवोदित तो सोडून देतात.

संघटनेचं कार्ड लागतं का?

पहिल्या कामासाठी नाही. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे, मुंबईत हिंदी-मराठी चित्रपट आणि मालिकांतल्या कलाकारांची सिंटा आहे. सदस्यत्वाचे नियम आणि शुल्क थेट कार्यालयात जाऊन विचारा, मध्ये कुणाला पैसे देऊ नका. कार्डाने काम मिळत नाही. अडलेल्या पैशांसाठी भांडताना मात्र उपयोगी पडतं.

सात वर्षांच्या मुलाला मालिकेत घ्यायचं म्हणतात.

निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली आहे का, ती आधी बघा. नियमाप्रमाणे मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त कामाला लावता येत नाही, आणि मिळकतीतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. मुलाची स्वतःची संमतीही लागते. रडत असेल तर घरी आणा.

रील आणि फॉलोअर्सवर काम मिळतं का?

जाहिरातीत कधी कधी. भूमिकेसाठी तुमचे गंभीर प्रवेश दिसतील असं एक खातं ठेवा, त्यात ओठ हलवलेली गाणी नकोत.

ऑडिशन देऊन महिना झाला, काहीच उत्तर नाही. फोन करू का?

नकार कळवण्याची पद्धत या व्यवसायात जवळपास नाहीच. उत्तर आलं नाही म्हणजे त्या भूमिकेपुरतं झालं नाही, एवढंच. वय जुळलं नाही, नायिकेपेक्षा उंची कमी पडली, भावाच्या भूमिकेसाठी ठरलेल्या नटाशी चेहरा जुळला नाही, अशी कारणं असतात आणि त्यांचा तुमच्या अभिनयाशी संबंध नसतो. दहा दिवसांनी एक मेसेज करा, नाव आणि भूमिका लिहून. त्यानंतर त्या भूमिकेसाठी पुन्हा नाही. तीन-चार महिन्यांनी नवं काम झालं की त्याची एक मिनिटाची लिंक त्याच माणसाला पाठवा. दिलेल्या ऑडिशनची वही ठेवा: तारीख, भूमिका, काय केलं, काय सांगितलं गेलं. वीस नोंदी झाल्या की वाचा. एकच शेरा पाच वेळा दिसला, समजा ‘घाईत बोलतोस’, तर पुढचे दोन महिने फक्त त्यावर काम करा.